पूरघराखालची भिंत

प्रिय तन्वी आणि ईशान,

मार्चमध्ये मी चंद्रपूरकडे निघाले तेव्हा तुमच्या आईने मला फोनवर चांगलंच फैलावर घेतलं होतं. गुडघे असे, ऊन तसं, आणि निघालीस कुठे तर जंगलात. मागून ईशानचा आवाज आला होता की आजी रिटायर झाली ना, मग कामाला कशी जाते? मी हसून वेळ मारून नेली. खरं सांगायचं तर सांगण्यासारखं काही हातात नव्हतं. काल सकाळी तिथून फोन आला. ते काम आता पूर्ण झालं असं नाही म्हणता येणार, पण संपलं. म्हणून आज टेबल आवरून लिहायला बसले आहे. क्रमाने लिहिते. तुमचं मराठी वाचन सावकाश चालतं, तर रोज एक पान वाचा. दमल्यावर थांबा. मीही थांबत थांबतच लिहिणार आहे.

आधी एक खुलासा. तन्वीने एकदा विचारलं होतं की तू आर्किटेक्ट होतीस तर तुझी एखादी उंच इमारत का नाही. माझ्या कामाचे दोन भाग झाले आणि दोन्हींत उंच इमारतींचं काम नव्हतं. पहिल्या भागात जुन्या गोष्टी पडू नयेत म्हणून मी धडपडले. किल्ल्यांचे दरवाजे, नदीवरचे घाट, देवळांचे मंडप, एकदा तर एक बंद पडलेला छापखाना. दुसऱ्या भागात बेटं आली. समुद्राचं पाणी घरांवर चढून गेलं होतं, त्या बेटांवर पुन्हा राहण्यासारखी घरं बांधायची होती. तिथे मी शिकले ते एवढंच, की पाण्याला घराखालून वाट द्यायची. तुम्ही राहता त्या देशात पाण्याला बांध घालून बाहेर ठेवतात. तुमच्या खिडकीतून कालवा दिसतो आणि तो कधी उंबऱ्याशी येईल असं तुमच्या मनातही येत नाही. प्रत्येकाला ते परवडत नाही.

मी गेले ते बेट समुद्रातलं नाही, वैनगंगेतलं आहे. नदी तिथे दोन धारांत फुटते आणि पुढे पुन्हा एक होते. मधल्या उंचवट्यावर एक गाव आहे. गावाचं नाव इथे लिहीत नाही. काठावरचे लोकही त्याला नुसतं बेटच म्हणतात.

चंद्रपूर

गाडीतून उतरले तेव्हा सकाळीच फलाटाची फरशी तापलेली होती. पुण्यात या दिवसांत आपण पंखा दोनवर ठेवतो. इथे माणसं तोंडाला दुपट्टे गुंडाळून हिंडत होती. राजूभाऊ मला घ्यायला आला होता. माझ्या जुन्या कामांवर तोच गाडी चालवायचा. मला पाहून म्हणाला, "बाई, तुमी तं अर्ध्या झाल्या."

"आणि तू दीडपट झालास," मी म्हटलं.

"कोळसा खाऊन राह्यलो बाई. माजरीपासून राजुऱ्यापावतर दुसरं भेटते काय?"

पुण्यात ड्रायव्हर असं बोलत नाहीत, आणि बोलले तर आपल्याला आवडतही नाही. इथे पहिल्या पाच मिनिटांत माणूस तुमची तब्येत, तुमची मुलं आणि तुमचा हट्ट या तिन्हींवर मत देऊन मोकळा होतो.

शहरातून जाताना मी त्याला जटपुरा दरवाज्यापाशी थांबायला सांगितलं. चंद्रपूरभोवती गोंड राजांचा दगडी परकोट आहे. तरुणपणी त्याचा एक तुकडा मी टेप लावून मोजला होता आणि नंतर त्याच्या सांध्यांत चुना भरून घेतला होता. तो चुना टिकला का, ते पाहायचं होतं. दरवाज्यातून रिक्षा, ट्रक आणि शाळेच्या बसेस एकमेकांना हॉर्न देत घुसत होत्या. भिंतीच्या सावलीत एक पंक्चरवाला आणि दोन रसवंत्या होत्या. मी पुढे जाऊन सांध्यात नख घालून पाहिलं. चुना घट्ट होता. मला आनंद व्हायला हवा होता. पण मनात आलं ते इतकंच, की कुठे तरी बसायला मिळालं तर बरं. राजूभाऊने रसवंतीवाल्याची खुर्ची आणली. मी उसाचा रस घेतला आणि बसल्या बसल्या तो दरवाजा बघत राहिले. बऱ्याच वर्षांनी मी तो कसलंही माप न घेता पाहिला.

मूल, सावली

मूल गाव सोडून सावलीच्या रस्त्याला लागलं की जंगल रस्त्याच्या दोन्ही कडांना येऊन टेकतं. पळस फुलून गेला होता आणि मोह गळायला लागला होता. काच खाली केली की त्याचा गोड, थोडासा आंबूस वास गाडीत येई. मोहाखालची जमीन झाडून, पाचोळा जाळून स्वच्छ केलेली असते, म्हणजे पडलेलं फूल दिसतं. बायका ते वेचायला घोळक्याने येतात, एकटी कुणी येत नाही. कारण वाघ.

हे मला राजूभाऊने सविस्तर सांगितलं, आणि सांगून संपतं न संपतं तोच टायर बसला. मी दार उघडायला गेले तर तो ओरडला, "बाई, आतच बसा. इथी परवा गाय गेली."

"मग तू कसा बाहेर जातोस?"

"मी गाणं म्हणतो ना. वाघाले माझं गाणं पसंत नाई."

आणि खरोखरच त्याने भसाड्या आवाजात नाटकातलं एक पद सुरू केलं आणि टायर बदलून होईपर्यंत थांबला नाही. झाडीपट्टीचं नाटक तुम्हाला माहीत नसणार. हा सगळा भाग भाताचा आणि झाडांचा, म्हणून झाडीपट्टी. भात कापून झाला की हिवाळाभर इथे गावोगाव नाटकं होतात. वडसा म्हणून रेल्वेचं एक गाव आहे, तिथे नाटक कंपन्यांची कार्यालयं ओळीने आहेत. गावकरी तिथे जाऊन कंपनी ठरवून येतात. नाटकाच्या दिवशी गावातल्या सगळ्या लेकी माहेरी येतात, जावई येतात, पाहुणे येतात, घराघरांत लाखोळीच्या डाळीचे वडे तळले जातात, आणि पुढच्या वर्षीची लग्नंही तिथेच बघून ठेवली जातात. आपल्याकडे दिवाळीला जे महत्त्व, ते इथे नाटकाला. पुढे जे घडलं ते या नाटकापायी घडलं, म्हणून सांगून ठेवते.

बेट

नदीची अलीकडची धार मार्चमध्ये आटलेली असते. वाळूतून चालत जायचं, मग पलीकडच्या खऱ्या धारेत डोंगा, म्हणजे लहान होडी, मिळतो. वाळू वरून कोरडी दिसली तरी मध्येच एके ठिकाणी खाली चिखल होता. माझा उजवा पाय घोट्याच्या वर आत गेला. पाय बाहेर आला, सँडल आली नाही. राजूभाऊने हात घालून शोधली. सापडली नाही. उरलेली एक सँडल हातात धरून मी डोंग्यात बसले, आणि पलीकडे उतरले तेव्हा शेवंताबाईने पहिल्यांदा माझ्या पायांकडे पाहिलं.

"नदीनं एकच घेतली? सस्त्यात सुटल्या बाई," ती म्हणाली आणि तिच्या पायातल्या निळ्या प्लास्टिकच्या चपला काढून माझ्यापुढे ठेवल्या. स्वतः तापल्या वाळूतून अनवाणी चालायला लागली.

शेवंताबाई ढिवर समाजाची. तिचं घर मासेमारीवर चालतं. ग्रामपंचायतीत ती या बेटाची सदस्य आहे. मला फोन करून बोलावून घेणारी तीच. बेटावर अर्धी घरं ढिवरांची आणि अर्धी बौद्धांची आहेत. मध्ये एक बोळ आहे. पूर्वी तो बोळ कुणी उगाच ओलांडत नसे.

जेवायला तिने अंबाडीची भाजी घालून शिजवलेले झिंगे, म्हणजे नदीतली कोळंबी, आणि भात वाढला. भात इतका, की पुण्यात चौघांना पुरला असता. मी थोडा कमी कर म्हटलं तर म्हणाली, "एवढ्यावर तं आमची मांजर उठत नाई." जेवण झाल्यावर तिने हात पुसले आणि एकदम कामाचं बोलली.

"बाई, मागच्या पुरात पूरघर हाललं."

पूरघर म्हणजे मी दहाएक वर्षांपूर्वी या गावासाठी आखलेली इमारत. त्या भागातलं माझं शेवटचं काम. आठ जाड खांब, खाली पूर्ण मोकळं, वर एक लांब खोली आणि बाजूने पायऱ्या. नदी चढली की सगळ्या गावाने वर जायचं आणि पाणी खालून जाऊ द्यायचं. ती बांधल्यापासून दोन मोठे पूर येऊन गेले होते आणि कुणाला काही झालं नव्हतं.

"हाललं म्हणजे कसं?"

"जसं बैलानं अंग झाडावं तसं. सगळ्या बायका रडाले लागल्या. आता त्या म्हणतेत, पुढच्या पावसाळ्यात वरती जाऊन मरण्यापेक्षा घरातच मरू. काहीजण काठावर जागा पाहून राह्यले. तुमी पाहून सांगा. चांगलं असन तं चांगलं म्हणा. नसन तं तसं म्हणा. मी लोकायले खोटं सांगून वरती चढवणार नाई."

इतकंच काम होतं. हो किंवा नाही सांगायचं. गावाने बेटावर राहायचं की नाही, ते त्यावर ठरणार होतं.

पूरघर

पूरघरापाशी पोचले आणि लांबूनच मला कळलं. खालची मोकळी जागा मोकळी नव्हती. तीन बाजूंनी पक्क्या विटांची भिंत, आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा, वर आकाशी रंग. चौथी बाजू शेताकडे उघडी. समोर सपाट केलेलं मैदान. ही रंगभूमी होती. पूरघराच्या पोटात त्यांनी नाटकाचं थिएटर बांधलं होतं.

मी उन्हातच एका दगडावर बसले. तुम्हाला वाटेल आजी चिडली. चिडण्याइतकं त्राण नव्हतं. समुद्रातल्या बेटांवरही मी हेच बघत आले आहे. घर खांबांवर उचलून द्या, चार वर्षांनी जाऊन बघा, खाली कुणी किराणा दुकान थाटलेलं असतं, कुणी शेळ्या बांधलेल्या असतात, कुणी थोरल्या मुलाचा संसार मांडून दिलेला असतो. मोकळी जागा पाहिली की माणसाला ती वाया चालली आहे असं वाटतं. मी या गोष्टीवर कितीदा तरी भाषणं दिली आहेत. त्या दिवशी ते भाषण पुन्हा द्यायचं आहे हे लक्षात येऊन मला सगळ्यात जास्त थकवा आला.

तुम्ही आंघोळीच्या टबमध्ये हे करून बघा. बोटं फाकवून हात पाण्यातून ओढा, सहज जातो. मग तळवा आडवा धरून ओढा. नाटकाची मागची भिंत नदीला असा आडवा तळवा धरून उभी होती. बाजूच्या दोन भिंती प्रवाहाला समांतर होत्या, त्यांचा त्रास नव्हता. मागची भिंत कच्ची असती तर पहिल्याच लोंढ्यात पडून गेली असती आणि बरं झालं असतं. ती उत्तम बांधलेली होती, हेच वाईट. पाण्याचा सगळा रेटा तिने घेतला आणि खांबांवर टाकला. नदी येते त्या वरच्या अंगाच्या एका कोपऱ्यात पाण्याने भिंतीला वळसा घालून खांबाच्या पायाशी खड्डा केला होता. मी काठी घालून पाहिली. काठी जवळजवळ मुठीपर्यंत आत गेली.

"कोणी बांधली?" मी विचारलं.

"सगळ्यायनं," शेवंताबाई म्हणाली. "पण डोकं गुरुजीचं."

मनोहर गुरुजी तोपर्यंत येऊन उभे राहिले होते. निवृत्त शिक्षक, बौद्ध वस्तीतले, नाटक मंडळाचे अध्यक्ष. पांढराशुभ्र शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यांनी मला नमस्कार केला आणि आधीच उत्तर देऊन टाकलं. "तुम्ही खालचं मोकळं ठेवा म्हणाल्या होत्या बाई. आम्ही विसरलो नव्हतो."

"मग?"

"सांगतो. उद्या सभेत सांगतो. एकट्यात सांगण्यासारखं नाई ते."

सभा

सभा दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच रंगमंचावर भरली. सावली तिथेच होती. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, पण ढिवर कोण आणि बौद्ध कोण हे बसण्यावरून ओळखू येत नव्हतं. हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

मी माझं म्हणणं साध्या शब्दांत मांडलं. इमारत चांगली आहे. मागची भिंत काढली आणि कोपऱ्यातला खड्डा दगडांनी भरला तर पुढची कित्येक वर्षं चांगली राहील. भिंत राहिली तर मी वर जा असं कुणाला सांगणार नाही. पाऊस सुरू व्हायच्या आत काढा.

मग एक म्हातारी म्हणाली, "भित काढली तं नाटक कुठी होईन?"

"पडदा लावा," मी म्हटलं.

"नदीवरून असा वारा येते का हिरोईन पडद्यात गुंडाळून जाते. एका साली व्हिलनले तिले सोडवा लागलं," मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले. मीही हसले.

मग मी एक सूचना केली. ती मला चांगली वाटली होती. म्हटलं, तुमच्याकडे पूर्वी कुडाच्या भिंती असायच्या ना, बांबूच्या तट्ट्या विणून वर मातीचा लेप दिलेल्या? तशी भिंत करा. भात कापून झाल्यावर उभी करायची, नाटकं संपली की काढून ठेवायची. वारा अडेल, पाण्यालाही वाट राहील. तुमची जुनी कलाही टिकेल.

शेवटचं वाक्य बोलायला नको होतं असं गुरुजींचा चेहरा पाहून वाटलं. ते उठले. आवाज चढवला नाही.

"बाई, कुडाची भिंत तुमाले वारसा वाटते. आमच्या बापाच्या घराले कुड होता तो आवड म्हणून नवता. त्याले वीट लावू देत नवते. आणि नाटकाचं म्हणाल तं, मी लहान असताना आमची माणसं नाटक त्या बोराच्या झाडापासून पाहात होती." त्यांनी मैदानापलीकडे बोट दाखवलं. झाड बरंच लांब होतं. "तिथून आवाज येत नवता. आम्ही नुसते हात हलताना पाहू. घरी येऊन मीच सगळ्यायचे डायलॉग बनवून सांगत होतो. म्हणून मास्तर झालो असंन."

बायकांत थोडं हसू आलं. ते पुढे बोलले. "ही भिंत बांधली तेव्हा ठराव केला होता, का प्रत्येक घरानं आपापल्या हातानं वीट ठेवाची. त्या घरची, आमच्या घरची, असं पाह्यचं नाई. कोणती वीट कोणाची, ते आज कोणालेच सांगता येत नाई. तेच तं पाह्यजे होतं. या बेटावर आम्ही सगळ्यायनं मिळून केलेली ही एकच गोष्ट आहे बाई. तुमचं पूरघर सुद्धा सरकारनं बांधलं. हे आम्ही बांधलं."

मी आयुष्यभर भिंती पडू नयेत म्हणून लोकांशी वाद घातले आहेत. त्या दिवशी मी उलट बाजूला होते. ती भिंत माझ्या कुठल्याही व्याख्येने वारसाच होती. मी खाली मान घालून त्या निळ्या चपलांकडे बघत बसले.

शेवंताबाई बसल्या जागेवरून बोलली. "गुरुजी, पाणी आलं तं तुमी कुठी बसान?"

"वरतीच. अजून कुठी?"

"तं मंग खालची भित कोणासाठी राखून राह्यले? भर पुरात वडस्याची कंपनी येते काय?"

"तू थट्टा करू नको शेवंता."

"थट्टा नाई करून राह्यली. माझ्या सुनेले पाचवा महिना हाये. आखाडात बाळ होईन. मी तिले कुठी घेऊन बसू, ते सांगा. तुमी मोठे, तुमी सांगा."

गुरुजी भिंतीपाशी गेले आणि हाताने गिलावा चाचपला, डॉक्टर पोट चाचपतात तसा. परत येऊन म्हणाले, "भिंत पाडाची नाई. काढाची. जशी ठेवली तशी. प्रत्येक घरानं आपल्या हातानं वीट काढाची, आणि सगळी घरं हजर असतील त्याच दिवशी काम करायचं. एक घर नसंल तं काम बंद. जेसीबी आणाचा नाई, मजूर लावाचे नाई."

मी म्हटलं, "गुरुजी, अशाने पावसाआधी होणार नाही. पुढच्या महिन्यात सगळे तेंदूपत्त्याला जातील." उन्हाळ्यात तेंदूची पानं तोडायला इथली बहुतेक घरं कुलूप लावून जंगलात जातात. वर्षातली मोठी कमाई तीच. "चार माणसं दोन दिवसांत भिंत उतरवतील. त्यात कुणाचा अपमान नाही."

"त्यात आहे बाई," ते म्हणाले. "बांधताना सगळे, आणि तोडताना भाड्याचे, असं नाई होत."

शेवंताबाईनेही मान हलवली. त्यांना सगळ्यांना ते पटलं होतं. मी पाहुणी होते. विटांचं काय करायचं यावर मात्र लगेच एकमत झालं. पायऱ्या अरुंद आहेत, म्हाताऱ्यांना उचलून न्यावं लागतं, त्या विटांनी पायऱ्या रुंद करायच्या.

परत

दुसऱ्या दिवशी मी निघण्याआधी त्यांनी सुरुवात केली. पहिली वीट गुरुजींनी काढली, दुसरी शेवंताबाईच्या सासूने. मग एकेक घर पुढे येऊन छिन्नीने सांधा मोकळा करी, वीट काढी, पुसून बाजूला रचून ठेवी. फार सावकाश चाललं होतं. एखाद्या लग्नात अक्षता टाकायला लोक रांगेने येतात तसं. मी मनातल्या मनात हिशेब केला आणि तो जमला नाही. निळ्या चपला शेवंताबाईने परत घेतल्या नाहीत. अजून इथे बाल्कनीत आहेत.

परतीच्या वाटेवर मी जवळजवळ सगळा वेळ झोपले. राजूभाऊने मला एकदाच उठवलं, पळसाच्या खोडावर घुबड दाखवायला.

त्यानंतर फोन येत राहिले. एप्रिलमध्ये भिंत कमरेपर्यंत उतरली होती. मग मोह, मग तेंदू. कुठल्या ना कुठल्या घराला कुलूप, म्हणून काम बंद. जूनच्या सुरुवातीला सगळे परत आले आणि घाईघाईने पुन्हा लागले. मधला मोठा भाग जमिनीपर्यंत साफ झाला, कोपऱ्यातला खड्डा भरला, पायऱ्या रुंद झाल्या. वरच्या अंगाच्या कोपऱ्यापाशी थोडी भिंत उरली. एका घरातला म्हातारा त्याच दिवसांत वारला होता. त्या घराचं सुतक संपेपर्यंत थांबायचं ठरलं, आणि तेवढ्यात पाऊस लागला. मी शेवंताबाईला म्हटलं, ती उरलेली तुम्हीच रात्रीत काढून टाका ना. ती म्हणाली, "बाई, तुमाले काय सांगू. मले बी वाटते. पण मंग सगळंच खोटं होते."

फोन

या महिन्यात वरच्या धरणांचे दरवाजे उघडले आणि नदी दोन्ही धारांनी चढली. ते मी बातम्यांत पाहिलं. फोन लागत नव्हते. मी रोज सकाळी लावून पाहत होते आणि मग जपाची माळ घेऊन बसत होते, जप न करता.

काल शेवंताबाईचा फोन आला. घसा बसलेला होता. म्हणाली की सगळी माणसं वर गेली होती, वर जाणार नाही म्हणणाऱ्या बायकासुद्धा. शेळ्याही नेल्या. पाणी खालून वाहत राहिलं, मोकळ्या जागेतून. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यातली उरलेली भिंत मोठा आवाज करून गेली आणि जाताना कोपऱ्याच्या खांबाला तडा देऊन गेली. वर सगळ्यांना धक्का जाणवला. तेव्हा गुरुजींनी सगळ्यांना पलीकडच्या बाजूला सरकवलं आणि स्वतः त्या कोपऱ्यात जाऊन बसले. पाणी उतरेपर्यंत तिथून हलले नाहीत. कुणी बोलावलं तर म्हणत, ही जागा माझी आहे.

"आता कसे आहेत ते?" मी विचारलं.

"ताप हाये. बोलत नाई जास्त. बाई, चुकलं का त्यायचं?"

मी म्हटलं, मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. चार माणसं लावली असती तर तो खांब धड राहिला असता. पण मग सगळी घरं एकदम, न भांडता, एका बोलावण्यावर वर चढली असती का, हेही मला माहीत नाही. इतकी वर्षं हे काम केल्यावर हा हिशेब सुटायला हवा होता. मी तिला एवढंच सांगितलं की त्या खांबाला लाकडी टेकू द्या आणि त्या बाजूला कुणाला बसू देऊ नका. मुंबईतला माझा एक जुना सहकारी दुरुस्तीचं बघायला जाईल. मी नाही जाणार आता. डोंग्यात चढणं माझ्याने होणार नाही.

सुनेला मुलगी झाली, पूर येण्याच्या आधी, काठावरच्या दवाखान्यात. बेटावरची काही घरं आता कायमची काठावर जाणार आहेत. त्यांना कुणी अडवलेलं नाही. कुडाची जी दोनतीन जुनी घरं होती ती वाहून गेली. नाटकाचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.

बाकी जे आहे ते लिहिते. पूरघराचे सात खांब धड आहेत. आठवा तडकला आहे, पण उभा आहे. वरची खोली आहे. रुंद केलेल्या पायऱ्या आहेत. माणसं सगळी आहेत.

तुमची,
आजी